गाडी पाणी पीत नसते!

गेल्या वर्षी सहा महिने माझा सकाळचा एक नेमच होऊन गेला होता. आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचं, मग तांब्या पुन्हा भरायचा आणि अंगणातल्या गाडीचं बॉनेट उघडून तिलाही पाणी घालायचं. सासूबाई ओट्यावर बसून हसायच्या. ‘‘आमची सून गाडीचीसुद्धा पूजा करते हो!’’ असं शेजारणींना सांगायच्या. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गाडी २००८ सालची. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासून घेऊन, पाच वर्षांची मुदत वाढवून आणलेली. आता या वयात माणसाचंही काही ना काही सुरू होतंच, गाडीचं होणार नाही का? ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ‘‘जुनी गाडी आहे, पाणी पिणारच!’’

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. ते साफ खोटं आहे, हे मला कुंभार्ली घाटात कळलं.

थोडं मागचं सांगते. आम्ही पाटणला राहतो. ही मोठी, उंच, सात माणसांची डिझेल गाडी आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. अण्णा गेले आणि गाडी दोन वर्षं नुसती झाकून ठेवली होती. ‘हे’ नोकरीला पुण्यात, घरी येणार शनिवार-रविवार. शेवटी वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि शिकले. तेव्हापासून सासूबाईंना कराडच्या दवाखान्यात नेणं, लेकीचा क्लास, बचत गटाच्या मसाल्याच्या पिशव्या बाजारच्या गावी पोचवणं, सगळं त्या गाडीवर. एसटीच्या वेळा बघत फाट्यावर उभं राहणं संपलं. हे सुख काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर मे महिन्यात आम्ही तिघी, मी, सासूबाई आणि लेक, चिपळूणला माझ्या माहेरी गेलो होतो. येताना आईनं नेहमीप्रमाणे गाडी भरून दिली. आमसुलं, कुळीथ पीठ, फणसाची साठं आणि किलोभर घरची हळद. दुपारी दोनला निघालो. खरं तर इथंच चुकलं. मे महिन्याची दुपार, गाडीत सामान, एसी चालू आणि पोफळी सोडलं की घाटाची चढण. तापमानाचा काटा हळूहळू वर चढायला लागला. मी लेकीला म्हटलं, ‘‘बघ गं, काटा वर गेला का?’’ ती म्हणाली, ‘‘होता वर, पण आता खाली आलाय.’’ मी हुश्श केलं. काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली, असाच कुणीही अर्थ काढेल ना?

दोन वळणं गेली असतील नसतील. गाडीत गोडसर, पाक जळल्यासारखा वास आला आणि बॉनेटच्या फटीतून वाफा यायला लागल्या. एका रुंद जागी कडेला घेऊन मी इंजिन बंद केलं. सासूबाईंचा आधीच बीपीचा त्रास, त्या देवाचं नाव घ्यायला लागलेल्या. मी बॉनेट उघडलं, ओढणीचा बोळा हातात घेतला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘वहिनी, हात लावू नका!’’

आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेला एक टेम्पोवाला थांबला होता. तो जवळ आला आणि म्हणाला, ‘‘कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण उघडता का घरी? मग हे कसं उघडताय?’’

त्या एका वाक्यानं माझा हात वाचला, तोंड वाचलं आणि पुढं गाडीचं सगळं गणितही त्याच वाक्यानं समजलं.

गाडीच्या इंजिनात डिझेल जळतं, त्याची उष्णता बाहेर काढायला इंजिनाच्या पोटातून पाणी फिरवतात. हे नुसतं पाणी नसतं. त्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचं द्रव्य आणि गंज न धरू देणारी रसायनं असतात. यालाच कूलंट म्हणतात. एक पंप ते इंजिनात फिरवतो, थर्मोस्टॅट नावाची एक खिडकी साधारण ८२ ते ८८ अंशांला उघडते आणि तापलेलं कूलंट वरच्या रबरी पाइपातून पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं. तिथं वाऱ्यानं निवतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात येतं.

आणि हे सगळं दाबाखाली चालतं, अगदी आपल्या कुकरसारखं! उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांला उकळतं, पण कुकरमध्ये दाब असल्यामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून तर डाळ लवकर शिजते. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली पहिला कुकर बनवला तेव्हापासून ही युक्ती माणसाला माहीत आहे. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आणि रिंग एकात. त्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा छापलेला असतो. आतला दाब त्याच्या वर गेला की झाकण थोडं कूलंट शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडतं. इंजिन निवलं की तेच परत ओढून घेतं. आता विचार करा, तापलेलं झाकण मी उघडलं असतं तर? दाब एकदम सुटला असता, आतलं सगळं क्षणात उकळलं असतं आणि कारंज्यासारखं माझ्या तोंडावर उडालं असतं.

आम्ही पाऊण तास थांबलो. टेम्पोवाला थांबला हे त्याचे उपकार. मग जाड फडकं टाकून त्यानं झाकण थोडंसं फिरवलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली आणि मग उघडलं. आत पाहतो तर रेडिएटर निम्मा रिकामा! ‘‘काटा खाली आला म्हणताय ना? आत पाणीच नव्हतं, मग तो मोजणार काय?’’ तो म्हणाला. नंतर कळलं ते अगदी खरं होतं. काट्याचं सेन्सर कूलंटात बुडालेलं असतं. पातळी खाली गेली की ते नुसत्या वाफेत राहतं आणि काटा फसवतो. चढावर काटा वर जाऊन एकदम खाली आला, तर हुश्श करायचं नाही, गाडी थांबवायची.

मग त्यानं विचारलं, ‘‘हळद आहे का हो तुमच्याकडं?’’ मला वाटलं कुठं लागलं की काय याला! पण त्यानं आईनं दिलेल्या हळदीतले तीन-चार चमचे पाण्यात कालवले आणि सरळ रेडिएटरमध्ये ओतले. गळतीच्या बारीक फटीत हळद जाऊन बसते आणि तात्पुरती बूच लावल्यासारखी अडते म्हणे. ट्रक-जीपवाल्यांचा हा जुना तोडगा आहे. थोडं थोडं पाणी घालून रेडिएटर भरला. एसी बंद, आणि मे महिन्याच्या उकाड्यात हीटर पूर्ण चालू! कारण हीटर म्हणजे आतला दुसरा छोटा रेडिएटरच, तोही इंजिनाची उष्णता बाहेर टाकतो. घामानं निथळत, हळू हळू घाट चढून हेळवाकला आलो आणि तिथून सुखरूप घरी. जाताना टेम्पोवाला म्हणाला होता, ‘‘हळद आजच्यापुरतीच बरं का वहिनी. उद्या गॅरेजला दाखवा.’’

दुसऱ्या दिवशी दाखवलं. गॅरेजमधल्या माणसानं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं न बघितलं आणि निकाल दिला, ‘‘हेड गॅस्केट गेलंय. इंजिन उघडायला लागेल. पस्तीस हजाराच्या खाली काम नाही. त्यापेक्षा विकून टाका, मी बघतो गिऱ्हाईक.’’

रात्री फोनवर ह्यांनाही ते पटलं. ‘‘दे बाई विकून. किती दिवस तिला पोसायची? लागेल तेव्हा भाड्याची गाडी सांग.’’ सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या फोटोपुढं जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ‘लागेल तेव्हा’ म्हणजे कुणाला लागेल तेव्हा? भाड्याची गाडी सांगायची म्हणजे दर वेळी कुठं जायचंय, कशाला, किती वेळ, हे सगळं घरात सांगून, पैसे मागून जायचं. गाडी गेली तर नुसतं लोखंड जाणार नव्हतं.

म्हणून विकायच्या आधी एक दुसरं मत घ्यायचं ठरवलं. दुखण्यात आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो ना, तसंच. गावाबाहेर एक म्हातारे मिस्त्री आहेत, अण्णा त्यांच्याकडेच जायचे. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. मलाच प्रश्न विचारायला लागले. पाणी किती जातं? रोज जातं का गाडी चालवली तरच जातं? सकाळी चालू करताना धूर कसला येतो? मी म्हटलं, ‘‘रोज तांब्याभर पिते.’’ तसे ते म्हणाले, ‘‘ताई, गाडी काय पाणी पिती व्हय? कुकरची शिट्टी न होता पाणी आटलं तर तुम्ही काय म्हणता, कुकरनं पिलं? कुठनं तरी वाफ जातीया, रिंग सैल झालीया, हेच बघता ना? तसंच हे. सगळं बंद भांडं आहे. पाणी कमी झालं म्हणजे कुठनं तरी गेलंय. ते कुठनं जातंय हे कळल्याबिगर मी पान्याला हात लावणार न्हाई.’’

आणि मला चक्क गृहपाठ दिला! चार दिवस करायचा. तोच तुम्हालाही सांगते, कारण याला पैसा लागत नाही आणि कुठलंही हत्यार लागत नाही.

पहिलं, रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीवर पेनानं खूण करायची. मी दुधाच्या वहीतच दुसरं पान केलं. तारीख, गाडी किती किलोमीटर चालली, पातळी किती उतरली.

दुसरं, रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी डाग कुठं पडलाय ते बघायचं. यात एक फसगत होते. एसी लावून आलात की गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं. ते हवेतलं दमट पाणी, त्याला रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. ती गळती नव्हे. कूलंट हिरवं, गुलाबी, नाही तर निळं असतं आणि हाताला जरा बुळबुळीत लागतं.

तिसरं, पुढच्या सीटखालचं मॅटिंग हातानं चाचपायचं. ते ओलं असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल आणि गोड वास येत असेल तर हीटरची जाळी गळते.

चौथं, ऑइलची पट्टी काढून बघायची. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. पाचवं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का? थंडीत सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांतून येते, ती वेगळी. ही शेवटची दोन लक्षणं दिसली तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची आणि गाडी चालवायची नाही.

चार दिवसांनी माझी वही घेऊन गेले. ऑइल स्वच्छ, धूर नाही, मॅटिंग कोरडं. पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला रुपयाएवढे दोनच डाग. पण बाटली मात्र बोटभर उतरलेली. मिस्त्री वही बघून खूष झाले. म्हणाले, ‘‘आता काम निम्मं झालं.’’

मग त्यांनी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून तिथं एक हातपंप बसवला. सायकलच्या पंपासारखाच, वर घड्याळ असलेला. झाकणावर छापलेल्या आकड्याएवढी हवा भरली आणि आम्ही सगळे घड्याळाकडं बघत बसलो. गळती नसेल तर काटा जागेवर राहतो. आमचा काटा बघता बघता खाली आला. बॅटरी लावून बघितलं तर खालच्या होज पाइपच्या तोंडाशी थेंब धरलेला. क्लिप गंजून ढिली झालेली आणि त्याखालचं रबर फुगून मऊ पडलेलं. झाकण तपासलं, तर त्याचं रबर भेगाळलेलं, दाब धरतच नव्हतं. म्हणजे आमच्या कुकरची शिट्टीच ढिली! दाब नाही म्हणून पाणी लवकर उकळायचं आणि बाहेर जायचं.

मी म्हटलं, ‘‘सापडलं की!’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘थांबा. जुन्या गाडीत एक भोक सापडलं म्हणून हात झटकायचे नसतात.’’ नवीन पाइप, नवीन क्लिप टाकून पुन्हा हवा भरली. काटा आता हळू, पण तरीही उतरत होता. त्यांनी एक छोटा आरसा पंपाच्या मागं धरला. वॉटर पंप, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. तिच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं, मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील झिजलं की तिथून ओघळ येतो, म्हणजे मालकाला आधी कळावं. त्या छिद्राखाली हिरवट-पांढरी खारट पुटं चढलेली होती. चालत्या गाडीत तिथलं पाणी पंख्याच्या वाऱ्यानं उडायचं, गरम इंजिनावर सुकून जायचं, जमिनीवर थेंब पडणार कुठून? सहा महिने मी तांब्यानं जे ओतत होते, ते तिथून जात होतं.

हेड गॅस्केटचीही त्यांनी शहानिशा केली. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवून त्यात निळं पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. सिलिंडरमधला जळका गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर त्या निळ्या पाण्याचा रंग बदलतो. मी श्वास रोखून बघत होते. निळं ते निळंच राहिलं. पस्तीस हजारांचं दुखणं नव्हतंच!

पण एक बोलणं मात्र मला खावं लागलं. रेडिएटर रिकामा केला तेव्हा आधी पिवळा गाळ आला, तो आईच्या हळदीचा. त्यामागून तांबूस, गंजकं पाणी. ‘‘हळद जखमेला चांगली ताई, पण जाळीत बसली की तीच वाट अडवती. अन् हा गंज तुमच्या तांब्याचा.’’ आमचं पाणी बोअरचं, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं. रोज तेच घालून मी आतलं कूलंट पातळ करत गेले. गंज रोखणारी रसायनं संपली, क्षार साठले आणि झिजायला आलेलं सील आणखी झिजलं. म्हणजे मी ज्याला औषध समजत होते, तेच दुखणं वाढवत होतं. आपल्या बायकांच्या अशक्तपणाचंही असंच होतं ना? टॉनिकच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवायच्या, पण रक्त जातंय कुठं, हे बघायचंच राहतं.

दोन दिवसांत काम झालं. नवा वॉटर पंप, तो काढलाच आहे तर पट्टाही नवा, वरचा-खालचा होज पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅटचं पॅकिंग आणि नवं झाकण. रेडिएटर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतला. मग कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं निम्मं करून भरलं. त्यातही घाई चालत नाही. आत हवेचा बुडबुडा अडकला तर भरलेली गाडीही तापते. म्हणून हीटर उघडा ठेवून, रेडिएटर गार असतानाच झाकण काढून, इंजिन चालू करायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहायचं. हे मात्र मिस्त्रींनीच करायचं काम. शेवटी पुन्हा हवा भरली. पंधरा मिनिटं झाली तरी काटा जागचा हलला नाही.

बिल झालं नऊ हजारांच्या आत. पैसे माझ्या मसाल्याच्या कमाईतले. ह्यांना फोन केला तर पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, ‘‘बरं झालं विकली नाहीस.’’ एवढंच. पण एवढं पुरेसं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. गॅरेजमध्ये काढलेलं कूलंट मिस्त्रींनी लगेच डब्यात भरून झाकण लावलं. ग्लायकॉल चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि लहान मुलंही तोंडात घालू शकतात. पण ते जहाल विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. अंगणात सांडलं तर भरपूर पाण्यानं धुवून काढा, शिल्लक बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, शीतपेयाच्या बाटलीत तर मुळीच भरू नका. कुणाच्या पोटात गेलंच, तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

घाटात गाडी तापली तर…

• काटा नेहमीपेक्षा वर गेला की लगेच एसी बंद, हीटर पूर्ण चालू. तरीही चढला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा.

• झाकणाला हात लावू नका. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा रबरी पाइप दाबून बघा. कडक असेल तर आत अजून दाब आहे.

• तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.

• गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, जाड फडकं आणि बॅटरी कायम ठेवा. अडचणीत साधं पाणी घातलं तरी चालेल, पण घरी आल्यावर गाडी दाखवून घ्या.

• पाणी वरचेवर घालावं लागतंय? मग घालत राहू नका. आधी कुठं जातंय ते शोधा.

गणपतीला पुन्हा चिपळूणला गेलो होतो. पावसात सगळा घाट हिरवागार, कड्याकड्यावरून पाणी कोसळत होतं. येताना तीच चढण, तेच वळण. लेक काट्याकडं टक लावून बसलेली. काटा मधोमध, जागचा हलेना. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तुळशीला आता जरा जास्त पाणी मिळतं, बघ.’’

निघताना आईनं पुन्हा किलोभर हळद दिली होती. पिशवी हातात देताना म्हणाली, ‘‘ही मात्र आमटीतच घाल गं बाई!’’